केंद्र पडल्यावर

केंद्राच्या काचेवर पहिला दगड आला तेव्हा तनुजा इंगोले एका माणसाला बायकोचं बाळंतपण कसं करायचं ते फोनवर सांगत होती.

"डोकं दिसतंय का, दादा? ओढू नका. नुसता हात खाली धरा."

"दिसून राह्यलं वो, बाई. मले लय भेव लागते."

"लागू द्या. मी फोन ठेवत नाहीये."

दुसरा दगड काच फोडून आत आला आणि शेजारच्या टेबलावर नसरीनच्या कीबोर्डवर आपटला. नसरीन किंचाळली नाही. तिने हेडफोन सावरला आणि आपल्या कॉलवरच्या माणसाला म्हणाली, "बोला, ऐकतेय."

वऱ्हाडातल्या तीन जिल्ह्यांचे मदतीचे सगळे फोन या दुमजली इमारतीत यायचे. आग, अपघात, मारामारी, साप चावला, विहिरीत पडलं, सगळ्याला एकच नंबर. तनुजा दिवसपाळीची प्रमुख होती. दोन दिवसांपूर्वी बोरनदी धरणाचे दरवाजे उघडण्यावरून वरची गावं आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि माणसं मेली. त्या दिवसापासून जिल्हा धुमसत होता. आणि आज सकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर एक क्लिप फिरू लागली. तिच्यात एक बाई थंडपणे म्हणत होती, "जखमी गावकऱ्यांचं नंतर बघू. आधी साहेबांना उचला."

आवाज तनुजाचा होता. ती तसं कधीच बोलली नव्हती, पण आवाज तिचाच होता. तिने स्वतः क्लिप ऐकली तेव्हा क्षणभर तिलाच वाटलं, बोललो की काय आपण?

दुपारपर्यंत जमाव केंद्राच्या फाटकाशी पोचला. पोलिसांची बहुतेक कुमक धरणावर होती. फाटकावरच्या शिपायांना लोकांनी पहिल्या रेट्यातच तुडवलं.

"बाई, तुम्ही दोघी आत व्हा," मधुकर वाकोडे खुर्चीतून उठत म्हणाले. पोलिसातून निवृत्त होऊन ते इथे फोनवर बसत. "मी बोलतो त्यांच्याशी. यातले निम्मे माझ्या ओळखीचे निघतील."

"काका, कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नाहीये. आत चला."

तेवढ्यात खाली जनरेटर धडाडून बंद पडला. कोणीतरी केबल तोडली असावी. सगळे पडदे एकदम काळे झाले. तनुजाच्या कानातला तो घाबरलेला नवरा अर्ध्या शब्दावर गेला.

त्याची काळजी तिला वाटली नाही. त्याचा फोन तुटला नसणार हे तिला ठाऊक होतं. उलट त्याला काही झाल्याचं कळलंही नसेल. त्याला या क्षणीही तनुजाच सांगत असेल, "आता खांदा येईल. सावकाश."

पूर्वी एक केंद्र पडलं तर त्याचे फोन दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे वळवत. कागदावर ते छान दिसायचं. मोठ्या पुराच्या वर्षी प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. दूरच्या केंद्रातल्या माणसांना इथली बोली समजेना, 'जिनाच्या मागची गल्ली' म्हणजे कापसाच्या कोणत्या कारखान्यामागची ते कळेना, आणि तिकडचेच फोन इतके की इकडचे वाजत राहिले. त्यानंतर प्रतिकेंद्र आलं. त्याला इमारतच नव्हती. प्रत्येक ॲम्ब्युलन्समध्ये, पोलिसांच्या प्रत्येक गाडीत, मोबाइलच्या प्रत्येक टॉवरवर जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी बसवली होती. या पेट्या सतत एकमेकींशी बोलत. सगळ्या गाड्या कुठे आहेत, कोणता रस्ता बंद आहे, कोणत्या दवाखान्यात रक्त आहे, हे प्रत्येक पेटीला माहीत असे. काही पेट्या जळाल्या तरी उरलेल्यांचं काम चाले. केंद्राकडून येणारा संकेत थांबला की श्वास घ्यायच्या आत पेट्या फोन उचलायला लागत.

ही यंत्रणा केंद्रातल्याच माणसांच्या कित्येक वर्षांच्या कॉलवर शिकली होती. सुरुवातीला तिला सपाट, यांत्रिक आवाज दिला होता. लोक तो ऐकून फोन आपटायचे. रक्त वाहत असताना कोणाला यंत्राशी बोलायचं नसतं. मग केंद्रातल्या चौघांचे आवाज घेतले. त्यात तनुजाचा सगळ्यात उजवा ठरला. तिचा आवाज आला की लोक रडायचे थांबत आणि सांगितलेलं करत. यंत्र असल्याचं आपण होऊन सांगायचं नाही, असंही ठरलं. तिने संमती दिली.

प्रतिकेंद्राचे नियम लिहिणाऱ्या समितीतही ती होती. केंद्र पडलं तर गाड्यांनी आधी केंद्राकडे धावायचं नाही, केंद्रातला माणूस इतर कुठल्याही माणसासारखाच मोजायचा, हा नियम तिने भांडून घालून घेतला होता. "आपली माणसं वाचवायला सगळ्या गाड्या इथे गोळा झाल्या तर जिल्ह्याने कुणाकडे बघायचं?" असं ती म्हणाली होती. तेव्हा कोणालाच ते चूक वाटलं नव्हतं.

वाकोडे जिन्यावर उभे राहिले होते. दोन्ही हात वर करून ते म्हणाले, "अरे भाऊ, थांबा, वर बाया आहेत..." पुढचं कोणी ऐकलं नाही. एक सळई त्यांच्या हातावर बसली. ते वाकले आणि कुऱ्हाडीचा घाव मांडीवर पडला. घाव घालणारा माणूसच त्या रक्ताकडे पाहून दोन पायऱ्या मागे सरला. तेवढ्या फटीत तनुजा आणि नसरीनने त्यांना काखेत धरून फरफटत आत ओढलं आणि यंत्रांच्या खोलीचं लोखंडी दार लावून घेतलं. बाहेर टेबलं उलटायला लागली. कोणीतरी पेट्रोल ओतलं. भप्पकन आवाज झाला आणि दाराखालून धूर आला.

नसरीनने मोबाइल काढला, नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मदत केंद्र. मी ऐकतेय. कुठून बोलताय?"

तनुजाचाच आवाज. स्वच्छ, शांत, बिनधुराचा. नसरीन मोबाइलकडे आणि तनुजाकडे आळीपाळीने बघत राहिली.

"केंद्रातूनच," तनुजा खोकत म्हणाली. "मी तनुजा इंगोले. वाकोडेंच्या मांडीवर कुऱ्हाडीचा घाव आहे. रक्त उसळ्या मारतंय. बाहेर आग आहे. गाडी पाठव."

"ओळखलं. जखमेच्या वर, कमरेच्या बाजूला, ओढणी घट्ट आवळा. गाठीत पेन घालून पिळा. रक्त थांबेपर्यंत पिळत राहा."

नसरीनने ओढणी काढली. दोघींनी पीळ दिला. वाकोडे गुरासारखे ओरडले. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही. घाव जांघेच्या फार जवळ होता.

"थांबत नाहीये," तनुजा म्हणाली. "जवळची गाडी कुठली?"

"डॉक्टर प्रफुल्ल इंगोलेंची. तीन गल्ल्या पलीकडे आहे."

प्रफुल्ल तिचा नवरा. कामावर असताना ती त्यालाही अहोजाहो करायची. ॲम्ब्युलन्सवरचा डॉक्टर.

"मग पाठव!"

"ती गाडी बसस्थानकामागे निघाली आहे. शाळेची बस पेटवली आहे. मुलं आत आहेत. दुसरी गाडी तिथे वेळेत पोचत नाही. तुमच्याकडे येणारी पुढची गाडी नदीपलीकडे आहे."

"प्रफुल्लला माहीत आहे का, मी इथे आत आहे ते?"

"नाही. त्यांनी विचारलं, 'तनू, तिकडे सगळं ठीक ना?' मी म्हटलं, 'स्थानकाच्या मागच्या फाटकातून घ्या, पुढे दगडफेक आहे.' त्यांना वाटतंय, तुम्हीच बोलताय. सांगितलं तर ते गाडी वळवतील, अशी दाट शक्यता आहे. सांगू का?"

दाट शक्यता कसली, प्रफुल्ल वळवणारच. त्याने बस, शाळा, सगळं सोडून गाडी या फाटकावर घातली असती आणि जमावाने त्याला गाडीसकट जाळलं असतं, किंवा तो आत पोचलाही असता. दोन्ही शक्य होतं. वाकोडेंनी मान वळवली. सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"बोलवा ना त्यांले, बाई," ते म्हणाले. "बोलवा ना."

"तनुजा, तीस सेकंदांनी वळायचा शेवटचा रस्ता मागे पडेल," फोनमधून तिचाच आवाज म्हणाला. "सांगू का?"

"नको," तनुजा म्हणाली.

नसरीन तोंडावर हात दाबून रडायला लागली. तनुजाने वाकोडेंचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने गाठ पिळत राहिली. फोनमधला आवाज मधून मधून सांगत होता, पाय वर ठेवा, त्यांच्याशी बोलत राहा, धूर खाली येत असेल तर जमिनीला चिकटून बसा. तिने बोलायचा प्रयत्न केला. काय बोलावं सुचेना, म्हणून ती नुसतं "काका, काका" म्हणत राहिली. हळूहळू त्यांच्या बोटांतली पकड सुटली.

बसस्थानकामागे प्रफुल्ल तोवर बसच्या मागच्या काचेतून आत शिरला होता. पुढचा भाग भडकला होता. ड्रायव्हर स्टिअरिंगवरच गेला होता. मुलं मागच्या सीटांखाली एकमेकांवर चढली होती. प्रफुल्लने एकेकाला काखेत उचलून बाहेर फेकायला सुरुवात केली, खाली त्याचा साथीदार झेलत होता. काठ्या घेतलेले काहीजण त्याच्या साथीदाराला मारायला धावले. बस कोणी पेटवली ते कोणालाच माहीत नव्हतं, पण प्रत्येकाला कोणालातरी मारायचंच होतं. साथीदाराचं डोकं फुटलं. तरी त्याने हातातलं पोरगं सोडलं नाही. प्रफुल्लच्या कानात बायकोचा आवाज सांगत होता, "डावीकडे खालच्या बाजूला अजून खोकल्याचा आवाज येतोय. तिसऱ्या सीटखाली बघा." तो वाकला, हात घातला. हाताला केस लागले, केस भाजलेले होते. त्याने ओढलं.

बहुतेक मुलं निघाली. दोन नाही निघाली.

केंद्रात लोखंडी दाराच्या बिजागऱ्या निखळल्या. आधी धूर आत आला आणि मग माणसं. सगळ्यात पुढे पन्नाशीचा एक दणकट माणूस होता, हातात पहार. त्याने तनुजाला भिंतीशी दाबलं.

"बोल! बोल ना! तूच बोलली होती ना? माह्या भावाले काहून नाई उचललं? गोळी लागून तीन घंटे पडून होता तो!"

"गाडी पाठवली होती," ती कशीबशी म्हणाली. "नाक्यावर अडकली. पुढे जाऊ दिलं नाही."

"खोटं! आवाज ऐकला म्या तुहा!"

त्याने पहार उगारली. तनुजाने ओठ मिटले, डोळे मिटले. आणि त्याच वेळी जमिनीवर पडलेल्या मोबाइलमधून तिचा आवाज आला.

"तनुजा, दार तुटल्याचा आवाज आला. आत किती माणसं आली? बोलता येत नसेल तर फोनवर टकटक करा."

पहार वरच राहिली. माणसाने खाली मोबाइलकडे पाहिलं, मग तनुजाच्या मिटलेल्या तोंडाकडे.

"कोण बोलून राह्यलं हे?"

"मशीन आहे ते!" नसरीन ओरडली. "मशीन! आवाज कोणाचाही काढता येतो! ऐका ना तुम्ही, बाईचं तोंड बंद आहे!"

"मी ऐकतेय," मोबाइल म्हणाला. "तिथे कोणी जखमी असेल तर सांगा."

तो माणूस एक पाऊल मागे सरला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठे जावं ते न कळून तिथेच अडकला होता. मागच्या माणसांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्यांना फक्त बाई दिसली. गर्दीतून एक सळई सुसाट आली आणि तनुजाच्या गळ्यावर बसली.

आत काहीतरी मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. ती खाली बसली. श्वास येईना. पहारवाला माणूस वळला आणि आपल्याच लोकांवर पहार आडवी धरून ओरडायला लागला, "मांगं व्हा! मांगं व्हा सारे!" त्याने दोघातिघांना झोडपलं तेव्हा कुठे ते हटले. नंतर त्याला अटक झाली. नसरीनने त्याच्या बाजूने साक्ष दिली आणि ते कोणाला आवडलं नाही.

नदीपलीकडची गाडी जमाव पांगल्यावर आली.

जिल्हा रुग्णालयाच्या पडवीत प्रफुल्ल भाजलेल्या मुलांना उतरवत होता. त्याचे स्वतःचे हात कोपरापर्यंत सोलवटले होते. शेजारून एक स्ट्रेचर गेलं. त्यावर गळ्यात नळी घातलेली बाई होती, साडी रक्ताने काळी झालेली. त्याने सवयीने नळी नीट आहे ना ते पाहिलं आणि मग चेहरा पाहिला.

"प्रफुल्ल, गाडी मोकळी झाली असेल तर मार्केट यार्डाकडे घ्या," त्याच्या कानात तनुजा म्हणाली. "तिथे दोघांना भोसकलंय."

स्ट्रेचरवरची तनुजा त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत नव्हते.

त्याने कानातलं यंत्र ओरबाडून काढलं आणि जमिनीवर टाकून पायाखाली चिरडलं. मग साथीदाराच्या कानातलं यंत्र मागून घेतलं, घातलं आणि मार्केट यार्डाकडे गेला.

तनुजा जगली. तिचा आवाज मात्र गेला. डॉक्टरांनी गळ्यात जे जोडता येईल ते जोडलं. महिन्याभराने नळी निघाली तेव्हा तिला कुजबुजता येत होतं, तेही अगदी जवळ बसलेल्यालाच ऐकू जाईल एवढं.

प्रफुल्ल तिची सेवा करत होता. वेळेवर औषध द्यायचा, पेज भरवायचा. बोलत नव्हता. एक दिवस पेजेची वाटी ठेवून त्याने विचारलंच. "नसरीन सांगत होती, मला सांगायचं का असं त्या यंत्राने तुला विचारलं होतं."

तिने मान डोलावली.

"आणि तू नको म्हणालीस."

"तू वळला असतास," ती कुजबुजली.

"हो. वळलो असतो." तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "वळलो असतो आणि ती पोरं जळाली असती, आणि तुझ्याकडे बघताना मला रोज तीच दिसली असती. मला कळतं ते. पण माझं मला ठरवू द्यायचं होतंस, तनू. तुझ्या आवाजाने मला तुझ्यापासून लांब नेलं आणि मी 'हो, हो' करत गेलो. आता गाडीत तो आवाज आला की मला घाम फुटतो. आणि घरी तू बोललीस तर तो आवाज नाही. मग खरी कुठली समजू?"

तिने पेजेची वाटी पुढे ओढून घेतली.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. संचालक देवपुजारी खुशीत होते. केंद्र बंद असताना आलेल्या फोनपैकी जवळपास सगळे उचलले गेले होते. ते बाळंतपणही सुखरूप झालं होतं. आता ही यंत्रणा सगळ्या राज्यात बसवायची आणि सगळीकडे इंगोले मॅडमचाच आवाज ठेवायचा, असा प्रस्ताव होता. तनुजाने नसरीनच्या कानात सांगितलं आणि नसरीनने मोठ्याने. "यंत्र बोलायला लागलं की त्याने पहिल्या वाक्यात यंत्र असल्याचं सांगायचं. फोन करणाऱ्याला आणि गाडीवरच्या माणसालाही. नाहीतर आवाज परत द्या."

"लोक फोन ठेवतील, मॅडम," देवपुजारी म्हणाले. "तुम्हाला आकडे माहीत आहेत. माणसं मरतील."

"काही मरतील," नसरीनने तिचे शब्द सांगितले. "नुसत्या आवाजावर विश्वास ठेवून लोक त्या क्लिपमागे कसे गेले तेही तुम्हाला माहीत आहे."

बराच वाद झाला. शेवटी गाडीवरच्या माणसांपुरतं मान्य झालं. फोन करणाऱ्यांसाठी नाही. तनुजाने आपला आवाज काढून घेतला. त्याच्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी बसवला.

त्या दिवशी घरी परतताना ती प्रफुल्लच्या बाहीला धरून म्हणाली, "वाकोडेकाकांच्या घरी जायचंय. काकूंना सांगायचंय. माझ्याने बोलवणार नाही, तू बोलशील?"

पुढचा चौक मागे पडला. मग त्याने गाडी वळवली.

वाकोडेबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. दोघांना पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, सतरंजी टाकली. तनुजा त्यांच्यासमोर बसली. ती प्रफुल्लच्या कानाशी वाकून एकेक वाक्य सांगत होती आणि तो ते जसंच्या तसं म्हणत होता.

"काका जिवंत होते तेव्हा जवळ एक गाडी होती. मला विचारलं, बोलावू का. मी नको म्हटलं."

'मी' म्हणताना त्याचा आवाज अडखळला, पण त्याने शब्द बदलला नाही.

वाकोडेबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "शुद्धीत होते का ते?"

"हो."

"त्यायनं ऐकलं?"

"हो."

"मंग? काय म्हणाले?"

तनुजा वाकली आणि सांगितलं. प्रफुल्लने तिच्याकडे चमकून पाहिलं. हे नसरीनने त्याला सांगितलं नव्हतं. दुसरं काहीही म्हणता आलं असतं. काका म्हणाले, पोरांना वाचवा. कोणाला कळणार होतं? तनुजा त्याच्याकडे बघत राहिली. तो वाकोडेबाईंकडे वळला.

"'बोलवा ना त्यांले, बाई,' असं म्हणाले. दोनदा म्हणाले."

वाकोडेबाई उठल्या आणि त्यांनी तनुजाच्या थोबाडीत मारली. एकदा, मग पुन्हा. प्रफुल्ल पुढे झाला, पण तनुजाने हाताने त्याला थांबवलं. तिसऱ्या वेळेस वाकोडेबाईंचा हात वरच राहिला आणि त्या मटकन खाली बसल्या.

"कोणाले काही मांगत नव्हता वो हा माणूस," त्या रडत म्हणाल्या. "घरी पाण्याचा गिलासही स्वतःच्या हातानं घे. मांगितलं असंन त लय दुखत असंन."

तनुजाने बोलायला तोंड उघडलं. आता ती प्रफुल्लकडे वळली नाही. नुसता खरखरीत श्वास बाहेर आला. वाकोडेबाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी डोळे पुसले, गुडघ्यांवर पुढे सरकल्या आणि कान तिच्या तोंडाजवळ आणला.

"दुखत होतं," तनुजा म्हणाली. "मी हात धरला होता."

"कवापर्यंत?"

"हात सुटेपर्यंत."

वाकोडेबाईंनी कान हलवला नाही. "आणखी सांग," त्या म्हणाल्या.